एक टी, सात टिंबं

शाळेचा फोन आला तेव्हा मी
एका म्हाताऱ्याच्या दंडात शीर शोधत होते.
मुख्याध्यापक तिबोदो म्हणाले, तुमच्या मायलीसनं
आज वर्गात एक शब्द वापरला.
कुठला, ते सांगेनात.
पहिलं अक्षर उच्चारलं, घसा खाकरला,
उरलेला शब्द गिळून टाकला.

रिमूस्कीतला मार्च म्हणजे
वर बर्फ, खाली चिखल, मधे आपले बूट.
ते दाराशी काढून, नुसत्या मोज्यांवर
मी सहा वर्षांच्या मुलांच्या खुर्चीत बसले.
पुढ्यात कागद: प्रसंग. साक्षीदार. पालकांची सही.
शब्दाच्या जागी एक टी आणि पुढे टिंबं.
मी मोजली. सात.
म्हणजे लिहिणाऱ्याला स्पेलिंग नीट येत होतं.

आमच्याकडे शिव्या चर्चमधून येतात.
बाहेरच्यांना हे सांगताना मी नेहमी ओशाळते.
शरीराचं फारसं काही नाही, आयाबहिणींचं नाही,
सगळं वेदीवरचं सामान:
पेला, भाकर,
भाकर ठेवायचं ते छोटं सोनेरी कपाट.
ज्याच्यापुढे आज्या गुडघे टेकायच्या
तेच आजोबा सरपण फोडताना आपटायचे.

मायलीसच्या बर्फातल्या पँटची चेन अडकली होती.
तिनं ते कपाट काढलं,
हळू आवाजात, न रागावता.
साग्ना बाई जानेवारीत डाकारहून आल्यात.
त्यांना तो शब्द ऐकू आला त्यांच्या लहानपणच्या चर्चमधला,
मुलामा न उडालेला.
"वा," म्हणाल्या, "कुणी शिकवलं हे तुला?
सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण बघू पुन्हा."

तिनं म्हटलं.

बावीस मुलं हसून जमिनीवर.
मधल्या सुट्टीपर्यंत तीन आयांचे फोन.
आता साग्ना बाई खिडकीशी उभ्या होत्या.
त्यांच्याही हातात एक कागद होता.

"घरी कुठून आला असेल हा शब्द?"
बाबांकडून, मी म्हटलं. माझ्या.
पण ते अर्धंच झालं.

बाबा, एल्फेज, सुतार.
त्यांचं चर्च विकलं गेलं,
आत आता दोर बांधून भिंतीवर चढायला शिकवतात,
आणि ते कपाट कुणालाच नको होतं.
बाबांनी ते घसरगाडीवर घालून गॅरेजात आणलं.
निघालेला वर्ख ते पुन्हा बसवतात,
मायलीस दिवा धरते.
एका दुपारी तिनं विचारलं, याला काय म्हणतात?
बाबांनी टोपी काढली आणि नाव सांगितलं.
त्याच दुपारी बिजागरी ठोकताना
हातोडी अंगठ्यावर बसली,
आणि त्यांनी तेच नाव पुन्हा सांगितलं.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
मी सही केली.
निघताना साग्ना बाईंना म्हणावंसं वाटलं,
की तुम्ही ऐकलंत तेही बरोबरच होतं.
म्हटलं नाही. बुटांची नाडी बांधत बसले.

"आई, शब्द वाईट आहे?"
"शब्द नाही गं. म्हणायची पद्धत."
"माझी छान होती. बाई वा म्हणाल्या."

पार्किंगमधून काढताना मागचं चाक
चिखलबर्फात गरगरलं. एकदा. दोनदा.
तो माझ्या दातांपर्यंत आला.
आरशात दोन डोळे वाट बघत होते.
मी माझ्या आईचं जुनं रूप वापरलं, ताबरवेट,
शेपूट छाटलेलं तेच जनावर,
ज्याच्यासाठी कुणी फोन करत नाही.

मायलीसनं बाजूच्या काचेवरच्या वाफेत
बोटानं एक टी काढला,
मग टिंबं, जीभ बाहेर काढून, मोजत.
"असं चालेल?"

मी घाईनं वायपर लावले.
ते पुढच्या काचेवर
बाहेरून फिरत राहिले.